उतारावरचा आवाज

सिस्टरने तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती टेकडीवरून खाली येत होती. मागच्या कॅरिअरला औषधांची पेटी, लसींचा थंड डबा आणि बाळांचं वजन करायचा काटा करकचून बांधलेला होता. उतार लागला तसा तिने अंगठ्याखालचा गॅसचा खटका सोडला, गाडी आपल्याच वजनाने घरंगळू लागली, आणि तिच्या गुडघ्यांच्या मधे, इंजिनात कुठेतरी, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसं काहीतरी वाजलं. तिने गॅस दिला, आवाज गेला. सोडला, पुन्हा आला. पायथ्याशी पोचेपर्यंत ती तेच करत राहिली.

गाडी दवाखान्याची होती. चार जाड, खोल खाचांचे टायर, मोटारसायकलसारखं हँडल, ना छप्पर ना दार. दगडगोटे, चिखल, ओढा, कशातूनही जाणारी. डांबरी रस्ता जिथे हात टेकायचा तिथून सिस्टरचं काम सुरू व्हायचं. टेकड्यांवर सुटी सुटी घरं होती. कुठे बाळंतीण, कुठे साखरेचा आजार असलेला म्हातारा, कुठे भाजलेला हात. सगळे तिला सिस्टर म्हणत. इतके, की घरी सासूबाईंच्या तोंडूनही कधी कधी ‘सिस्टर, मीठ दे गं’ असं निघून जायचं, आणि मग त्यांचं त्यांनाच हसू फुटायचं.

गाडी बंद पडली तर वर फोन लागत नाही, हे सिस्टरला ठाऊक होतं. ती घाबरट नव्हती, पण हा खडखडाट घेऊन परत वर जायची तिची तयारी नव्हती. गाडी दुरुस्तीला टाकायला मात्र तिचं मन धजत नव्हतं. कारण दवाखान्याच्या गाड्या ज्यांच्याकडे दुरुस्तीला जायच्या ते तिचे सासरे होते.

सासऱ्यांना सगळा गाव फोरमन म्हणायचा. तरुणपणी ते बसच्या डेपोत फोरमन होते. नोकरी सुटली, नाव चिकटून राहिलं. घर वरच्या मजल्यावर, गॅरेज खाली. लोखंडी शटर, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने, ज्या त्या पान्याच्या मागे भिंतीवर त्याचीच काळी आकृती रंगवलेली, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लांबून कळावं. फोरमनच्या कानांच्या गोष्टी लोक अजून सांगायचे. गाडी फाटकातून आत वळेपर्यंत हा माणूस मान वर न करता सांगायचा, ‘तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बघा.’ आणि तो तिसऱ्याचाच निघायचा. आणखी एक गोष्ट सगळे कौतुकाने सांगत. फोरमनचा चढलेला आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. फार हळू बोलायचे. बोलायचेही कमीच.

हे कमी बोलणं सिस्टरच्या जिव्हारी लागलेलं होतं. तिचं लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नवरा जहाजावर परत गेला. तो तिथे स्वयंपाकी होता. फोरमनच्या पोटी इंजिनाला हात लावायला भिणारा मुलगा निपजला, यावर घरात नेहमी थट्टा चालायची. नवरा नसताना त्या घरात ती सासू-सासऱ्यांबरोबर राहू लागली. सासूबाईंशी तिचं मेतकूट जमलं. सासऱ्यांशी काही केल्या जमेना. ती काही विचारायची, ते पुढे चालू लागायचे. ती वर्तमानपत्रातलं काही गमतीचं वाचून दाखवायची, ते भलत्याच ठिकाणी मान डोलवायचे. टेकड्यांवरचं हे काम मिळालं त्या दिवशी तिने जेवताना सांगितलं होतं, ‘बाबा, मला वरच्या भागाची नेमणूक मिळाली.’ ते ताटातून मान वर करून म्हणाले होते, ‘बरं. ठेव झाकून.’

सासूबाई हसल्या होत्या. सिस्टर हसली नव्हती. हात धुवायला गेली ती बराच वेळ नळाशीच उभी राहिली. आपण या माणसाला आवडलो नाही, असं तिने त्या रात्री मनाशी ठरवून टाकलं. नवरा फोनवर म्हणायचा, ‘बाबा तसेच आहेत गं. मनाला लावून घेऊ नकोस.’ पण ज्याच्याबरोबर रोज जेवायला बसायचं त्याचं मनाला लावून घेऊ नये तर कुणाचं घ्यावं?

तर अशा सासऱ्यांपुढे तिने दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नेऊन उभी केली.

फोरमन बुटक्या स्टुलावर बसून कुठल्याशा मोटारीचा ब्रेक साफ करत होते.

‘बाबा, हिच्यात आवाज येतोय.’

‘हं?’

‘आवाज येतोय. इंजिनातून.’

फोरमननी हात पुसले. तेलाची काडी ओढून पुसली, परत घालून पाहिली. तेल होतं, स्वच्छ होतं. मग म्हणाले, ‘पेट्रोल जुनं असेल. दवाखान्यातले लोक डबेच्या डबे भरून ठेवतात. शिळं पेट्रोल असलं की चढावर इंजिन ठोकतं.’

‘चढावर नाही, बाबा. उतारावर,’ सिस्टर म्हणाली. तोवर ते पाइप आणायला वळले होते.

त्यांनी टाकी रिकामी केली, ताजं पेट्रोल भरलं, बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. फोरमननी अंगठ्याने गॅस दिला, सोडला, दिला, सोडला. दर वेळी सोडला की तो खडखडाट स्पष्ट यायचा. सिस्टर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

‘छान चाललंय,’ ते म्हणाले. ‘पेट्रोलच होतं.’

सिस्टरला पहिल्यांदा राग आला. मला वेड्यात काढताय का, असं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात समोरच्या दुकानातल्या शिंप्याने शिलाईचं मशीन थांबवलं आणि रस्त्यापलीकडून म्हणाला, ‘फोरमन, काय डबा वाजतोय का काय आत?’

फोरमनची पाठ त्याच्याकडे होती. ते वळले नाहीत. शिंप्याने खांदे उडवले आणि परत मशीन सुरू केलं.

सिस्टरचा राग जागीच ओसरला. तिने हात लांब करून इंजिन बंद केलं. फोरमन पाइप गुंडाळत भिंतीकडे गेले. ती त्यांच्यामागे हातभर अंतरावर उभी राहिली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, ‘बाबा, तुमचा चष्मा खाली पडलाय.’

फोरमन पाइप गुंडाळत राहिले.

चष्मा पडला नव्हता. तो त्यांच्या खिशात होता. पण सिस्टरच्या डोळ्यांपुढून त्या घरातले सगळे दिवस एकामागून एक सरकले. भलत्या ठिकाणी डोललेली मान. न ऐकता पुढे निघून गेलेली पाठ. ठेव झाकून. टेकडीवरच्या म्हाताऱ्यांचे कान, डोळे, पाय तपासत ती फिरत होती, आणि रोज ज्यांच्या ताटात वाढत होती त्यांच्याकडे तिने रुसव्याशिवाय दुसऱ्या नजरेने पाहिलंच नव्हतं.

एकच गोष्ट तिला समजत नव्हती. कमी ऐकू येणारी माणसं ओरडून बोलतात. हे तर कुजबुजल्यासारखं बोलतात. मग हे कसलं कमी ऐकणं?

ती वळसा घालून त्यांच्या समोर आली, उजेडात उभी राहिली आणि सावकाश बोलली. ‘बाबा, आवाज अजून येतोय. मला वर एकटीला जायला भीती वाटते.’

फोरमन तिच्या ओठांकडे बघत होते. हेही तिने आजच पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. पेट्रोलचं आपण म्हणतोय त्यात तथ्य नाही, हे त्यांना बहुधा आधीच कळलं असावं.

‘कसा येतोय?’ त्यांनी विचारलं. ‘करून दाखव.’

‘म्हणजे?’

‘तोंडाने करून दाखव. टकटक की ठकठक?’

सिस्टर लाजली. सासऱ्यांपुढे उभं राहून तोंडाने इंजिन वाजवायचं म्हणजे काय. पण मघाची ती आठी बघून तिने लाज गुंडाळून ठेवली. ‘टकटक नाही. तशी टिकटिक आहे बारीक, पण ती पूर्वीपासूनची आहे.’

‘ती व्हॉल्व्हची. ती असू दे. ठोका आहे का? जड? पोटातून आल्यासारखा, ठक्, ठक्?’

‘नाही. खडखड. खडखडखडखड, आणि मग थांबतो.’

‘खडखड की खुळखुळ?’

सिस्टरने डोळे मिटून आठवलं. ‘दोन्हीच्या मधे. खळ्ळखळ्ळ. साखळी पत्र्यावरून ओढल्यासारखा.’

नेमक्या त्याच वेळी सासूबाई चहाचे कप घेऊन जिना उतरल्या. सून डोळे मिटून, गाल फुगवून खळ्ळखळ्ळ करतेय आणि नवरा तिच्या तोंडाकडे टक लावून बघतोय, हे पाहून त्या शेवटच्या पायरीवर थबकल्या.

‘काय चाललंय दोघांचं?’

‘इंजिन ऐकतोय,’ फोरमन म्हणाले.

‘माझं कधी एवढं मन लावून ऐकलं नाहीत,’ सासूबाई म्हणाल्या, कप बाकावर ठेवले आणि वर निघून गेल्या.

फोरमन इंजिनापाशी उकिडवे बसले. त्यांनी तळहात सिलिंडरच्या पंखांवर टेकवून पाहिला, पंख गरम होते, काढून घेतला. ‘चढावर येतो की उतारावर?’

‘उतारावर. गॅस सोडला की.’

‘मघाशी नाही सांगितलंस ते.’

सांगितलं होतं. सिस्टरने आपल्या पिशवीतून स्टेथोस्कोप काढला, कानाला लावला, इंजिन सुरू केलं आणि जशी माणसाची छाती तपासते तशी त्या गोल चकतीने इंजिन तपासू लागली. तिला वाटलं, दोघांपैकी एकाला तरी नीट ऐकता आलं पाहिजे. पण नळीतून असा काही गदारोळ तिच्या कानांत घुसला की ती दचकून मागे सरली.

फोरमन हसले. तिने त्यांना गॅरेजमध्ये हसताना क्वचितच पाहिलं होतं. ‘तसं नाही. त्याने सगळंच ऐकू येतं, कामाचं काही कळत नाही.’ ते उठले आणि भिंतीवरचा सगळ्यात लांब स्क्रूड्रायव्हर काढून आणला. लाकडी मुठीचा, मूठ कित्येक हातांनी गुळगुळीत झालेली. ‘नव्या पोरांना मी याच्यावर शिकवायचो. टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. ज्या ठिकाणचा आवाज पाहिजे तेवढाच येतो.’

‘तुम्ही नाही वापरत?’

‘मला कधी लागला नाही,’ फोरमन म्हणाले. यात थोडी ऐट होती, पण ती फार वेळ टिकली नाही. ‘हे बघ, असा धरायचा.’

तिला दाखवण्यापुरतं त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या डोक्यावर ठेवलं आणि मान वाकवून मूठ कानामागे टेकवली.

आणि ते तसेच राहिले.

सिस्टरला वाटलं हाताला चटका बसला. ‘बाबा?’ पण त्यांनी दुसरा हात वर करून तिला थांबवलं. त्यांचा चेहरा पाहून ती हलली नाही. टेकडीवर एका आजोबांचा मोतीबिंदू काढल्यावर त्यांची पट्टी तिने सोडली होती, त्या आजोबांचा चेहरा असा झाला होता.

फोरमननी टोक सरकवलं. डोक्यावरून खाली, सिलिंडरच्या बाजूला, तिथून पोटाशी. पोटाशी फार वेळ थांबले. ‘इथे काही नाही,’ ते पुटपुटले. ‘एकदम साफ आहे. दांडा, बेअरिंग सगळं ठीक. इथे ठोका असता तर सगळं इंजिन सोडवावं लागलं असतं.’ मग डावीकडे, जिथे एक चपटं झाकण होतं तिथे टोक लावलं. ‘गॅस दे. सोड.’

तिने सोडला.

‘खळ्ळखळ्ळ,’ फोरमन म्हणाले. अगदी तिच्यासारखंच. ‘बरोबर सांगितलंस तू. पत्र्यावरून साखळी ओढल्यासारखाच.’

व्हॉल्व्ह फिरवणारी एक साखळी त्या झाकणाआड असते आणि तिला ताणून धरायला एक छोटा दट्ट्या असतो, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. साखळी ढिली पडली की गॅस सोडल्यावर ती आतल्या भिंतीला घासते. दट्ट्या अडकला असणार. साखळी तुटली असती तर इंजिनाचा निकाल लागला असता. ‘वर जाण्याआधी आणलीस, बरं केलंस.’

दोष सापडला होता. आता इंजिन बंद करून झाकण उघडायचं. पण फोरमननी बंद केलं नाही. ते स्क्रूड्रायव्हर पुन्हा इंजिनाच्या डोक्यावर घेऊन गेले, पुन्हा खाली आणला, सायलेन्सरच्या नळीला लावला, पेट्रोलच्या नळाला लावला, चौकटीला लावला. काही शोधत नव्हते. नुसतं ऐकत होते. लाकडी मूठ कानामागे घट्ट दाबून, डोळे मिटून बसले होते, आणि मिटल्या पापण्यांच्या कडेने पाणी येत होतं. सिस्टर भिंतीवरच्या पान्यांकडे बघत उभी राहिली. त्यांना पाहिजे तेवढा वेळ तिने गॅस धरून ठेवला.

शेवटी त्यांनीच हात करून इंजिन बंद करवलं.

दोघं बाकावर बसली. चहावर साय आली होती. सिस्टर त्यांच्या समोर तोंड करून बसली होती.

‘कधीपासून?’ तिने विचारलं.

फोरमननी कळलं नाही असं दाखवायचा प्रयत्न केला नाही. ‘सांगता येत नाही. हळूहळू गेलं. इंजिनं चालू असली की लोक ओरडून बोलतात, तेव्हा मला सगळं ऐकू येतं. बंद केली की माणसं ओठ हलवतात.’ त्यांनी साय बोटाने बाजूला केली. ‘गाडीचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाकडे गाडी घेऊन कोण येईल?’

‘मी आले ना.’

फोरमन म्हणाले, ‘तुझं तर मला तू आल्यापासून काहीच कळलं नाही. इतकं हळू बोलतेस. मला वाटायचं तू घाबरतेस मला. म्हणून मी आपला दूर दूर राहायचो.’

‘आणि मला वाटायचं मी तुम्हाला आवडत नाही.’

फोरमननी कप खाली ठेवला. त्यांनी तेलकट हात उचलला, तिच्या डोक्यावर ठेवायला नेला, तेल आठवलं, मधेच थांबले. मग उलट्या हाताने, मनगटाने, तिच्या केसांना हलकेच स्पर्श केला.

‘काहीतरीच,’ ते म्हणाले.

सिस्टरच्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. कानाने ऐकू येत नाही आणि हाडातून येतं, म्हणजे आतली नस शाबूत आहे. अडथळा तिच्या अलीकडे आहे. आणि ज्याचा असा अडथळा असतो त्याला स्वतःचा आवाज डोक्यातल्या डोक्यात मोठा ऐकू येतो, म्हणून तो हळू बोलतो. कॉलेजात शिकलेलं हे तिने परीक्षेत लिहिलंही होतं. तिने फोरमनना सगळं सांगितलं, समोर बसून, एकेक शब्द सुटा करून.

‘म्हणजे दुरुस्त होण्यासारखं आहे?’

‘ते कानाचे डॉक्टर सांगतील. पण बघण्यासारखं नक्की आहे.’

‘मी येणार नाही,’ फोरमन म्हणाले. ‘आणि तुझ्या सासूला सांगू नकोस. ती रडेल.’

सिस्टरने सांगितलं नाही. फोरमननी झाकण उघडलं, दट्ट्या खरंच आत अडकून बसलेला निघाला, स्प्रिंग मोडलेली होती. नवा मागवावा लागला, साखळीही बदलायची ठरली. तोवर ती गाडी गॅरेजमध्ये आणि सिस्टर दवाखान्यात बसून राहिली. त्या दिवसांत ती घरी समोर बसून बोलू लागली. फोरमन जेवताना तिच्या बोलण्यावर उत्तरं देऊ लागले. एकदा तर तिच्या एका पेशंटच्या गोष्टीवर बरोबर जागी हसले. सासूबाईंनी हातातला डाव खाली ठेवला.

‘हे काय आहे?’ त्या म्हणाल्या. ‘तिचं ऐकू येतं आणि माझं नाही?’

‘तू पाठीमागून बोलतेस,’ फोरमन म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण सांगून बसलो.

सासूबाईंना समजायला वेळ लागला. मग त्या चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ‘म्हणजे इतकी वर्षं मी भिंतीशी भांडत होते,’ त्या म्हणाल्या. आधी वाटलं हसतायत. ‘मला वाटलं, यांना माझा कंटाळा आला. म्हातारपणी येतो म्हणतात पुरुषांना. मी म्हटलं, आला असेल.’ आणि पदराने तोंड झाकून त्या रडू लागल्या. फोरमनना यातलं काही ऐकू गेलं नाही, कारण सासूबाईंची पाठ त्यांच्याकडे होती. ते उठून त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘परत सांग.’

सिस्टरच्या पुढच्या सुटीला तिघंही दवाखान्यात गेली. सिस्टरने दोन दातांचा स्टीलचा नादकाटा टेबलावर आपटून फोरमनच्या कानाशी धरला. त्यांनी मान हलवली, काही नाही. तिने त्याचा दांडा कानामागच्या हाडाला टेकवला. ‘आला,’ ते म्हणाले. शहरातल्या कानाच्या डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितलं. कानाच्या आत तीन बारीक हाडं असतात, ती आखडली आहेत. शस्त्रक्रिया करता येईल, पण आधी यंत्र लावून बघा, अशा कानांना यंत्र चांगलं मानवतं.

कानांना मानवलं, पण फोरमनना नाही. पहिले दिवस त्यांचे फार हाल झाले. वर्तमानपत्राची घडी मोडली की पत्रा फाडल्यासारखं वाटायचं. स्वतःचं चावणं ऐकून ते जेवताना थांबायचे. नळ, पंखा, शेजारच्यांचं दार, सगळं अंगावर यायचं. ‘एवढा गोंगाट होता घरात?’ ते विचारायचे. त्यांनी यंत्र काढून फडताळात ठेवलं, सासूबाईंनी ते बाहेर काढून त्यांच्या हातात दिलं. असं बरेचदा झालं. ‘एवढी वर्षं बोललेलं वाया गेलं,’ त्या म्हणायच्या, ‘आता पुढचं तरी ऐका.’ तोंडातल्या तोंडात पुटपुटायची सासूबाईंची सवय मात्र सुटली. आता तेही ऐकू जायचं.

गाडी तयार झाली तेव्हा फोरमन म्हणाले की ती त्यांनी स्वतः उतारावर ऐकल्याशिवाय सोडायची नाही. सिस्टरला वर एका आजीच्या पायाची जखम बांधायला जायचंच होतं. ती पुढे बसली, फोरमन मागे, एका हाताने कॅरिअरचा गज धरून. कानामागे यंत्र होतं आणि त्यावर सासूबाईंनी बांधून दिलेला मफलर.

चढ संपल्यावर एका सपाट जागी तिने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. धुकं खाली राहिलं होतं. फोरमननी मफलर सोडला.

‘तुझे वडील काय करायचे?’ फोरमननी विचारलं. ‘लग्नात सांगितलं असणार. माझ्यापर्यंत पोचलं नाही.’

‘बेकरीत होते. रात्रभर भट्टीवर असायचे, दिवसा झोपायचे. एकच खोली होती आमची.’ सिस्टर हसली. ‘त्यांची झोपमोड नको म्हणून आम्ही भावंडं कुजबुजतच मोठी झालो. शाळेत बाई सारख्या ओरडायच्या, मोठ्याने बोल म्हणून.’

‘असं होय,’ फोरमन म्हणाले. ‘असतात का अजून?’

‘नाही. मी नर्सिंगला होते तेव्हा गेले.’

फोरमननी मान हलवली. ‘कसे होते?’ त्यांनी विचारलं.

हे तिला त्या घरात कुणी विचारलं नव्हतं. ती सांगू लागली. वडिलांच्या भुवयांवर कायम पीठ असायचं. पहाटे घरी येताना ते शर्टाच्या आत गरम पाव लपवून आणायचे आणि झोपलेल्या पोरांच्या गालांना लावून उठवायचे. रविवारी मुलांनी हवं तेवढं ओरडावं म्हणून त्यांना नदीवर घेऊन जायचे, आणि तिथे गेल्यावर कुणालाच ओरडायला जमायचं नाही. ती बोलत होती आणि फोरमन तिच्याकडे न बघता, समोरच्या दरीकडे बघत ऐकत होते. मधे एकदाच म्हणाले, ‘नदीवर काय?’ आणि तिने ते वाक्य परत सांगितलं.

पुढे उतार होता. तिने अंगठा सोडला. गाडी घरंगळली, इंजिन गुरगुरत राहिलं, दगडांवरून टायर दबले, कॅरिअरवरची पेटी करकरली. तिने मान मागे वळवली.

‘काही नाही,’ फोरमन म्हणाले. ‘व्हॉल्व्हची टिकटिक तेवढी आहे. पुढच्या खेपेला बघू.’

आजींचं घर टेकडीच्या कुशीत होतं. सिस्टर आत जाऊन जखमेची पट्टी सोडायला बसली. आजोबा बाहेर होते. ते फोरमनना पाण्याच्या पंपाचं काहीतरी सांगत होते, वाजतो म्हणून. सिस्टरने गरम पाण्यात कापूस बुडवला. उघड्या दारातून तिला फोरमन पंपाशी गुडघे टेकून बसताना दिसले.

‘मला कमी ऐकू येतं,’ ते आजोबांना सांगत होते, त्यांच्या त्या नेहमीच्या हळू आवाजात. ‘असे समोर या आणि सावकाश सांगा. सुरू करताना वाजतो की बंद करताना?’